सात नंबरची रिकामी ओळ

१

कागद म्हणत होता, टेलरकाकूंनी शेवटची घंटा सकाळी सात वाजून अडतीस मिनिटांनी दाबली. आणि त्याच दिवशी साडेआठला याच काकूंनी दोन कप चहा पिऊन, साखर कमी पडली म्हणून सगळ्यांच्या डोक्याशी कटकट केली होती. साडेबाराला जेवल्या होत्या. भात नको, मऊ पोळी द्या, असं म्हणाल्या होत्या.

"म्हणजे माझी आई मेल्यावर जेवली," मुलगा म्हणाला. तो दातांचा डॉक्टर होता आणि तोंड फारसं न उघडता बोलायचा. "तुमचं यंत्र असं म्हणतंय."

मॅनेजरबाईंनी कागद दोन बोटांनी टेबलावर सरकवला. पलीकडे खुर्चीच्या काठावर बसली होती ती प्रोग्रामर. या वृद्धनिवासात तिला सगळे डबीवाली म्हणत. वर्षापूर्वी वऱ्हांड्याच्या भिंतीवर मुठीएवढी काळी डबी तिनेच बसवली होती. बारा खाटा, प्रत्येक खाटेला वायरवरचं एक बटण, आणि डबीच्या पोटात एका फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस. बटण दाबलं की त्यात एक ओळ पडायची: कुठली खाट, किती वाजता दाबलं, आणि बाईने येऊन खाटेशी कार्ड टेकवलं ते किती वाजता. कार्ड टेकवलं की घंटा थांबते. यायला तीन मिनिटांपेक्षा जास्त लागली तर त्या बाईच्या नावापुढे लाल खूण. तीन लाल खुणा झाल्या की बाई घरी.

"चार वाजता विश्वस्त येणार आहेत," मॅनेजरबाई म्हणाल्या. "मला खरी वेळ हवी."

डबीवालीने लॅपटॉप उघडला. तिला फार शोधावं लागलं नाही. डबी वेळ लिहिते ती जगाच्या घड्याळाने, गावाच्या नाही. वाचताना त्यात साडेपाच तास मिळवायचे असतात. छापील तपशिलात ते मिळवायचे राहून गेले होते. भिंतीवरच्या पडद्यावर नुसतं 'इतक्या मिनिटांत गेलात' एवढंच दिसतं, त्यामुळे वर्षभरात कोणाला पत्ता लागला नव्हता. एक ओळ बदलली. नवा कागद निघाला.

खाट सात. घंटा एक वाजून आठ. कार्ड दोन वाजून पाच.

डॉक्टर मुलाने मनात वजाबाकी केली, ती त्याच्या चेहऱ्यावर दिसली.

"सत्तावन्न मिनिटं," तो म्हणाला. "आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, अर्ध्या तासात कोणी गेलं असतं तर वाचली असती."

मॅनेजरबाईंनी दार उघडून हाक मारली. भिंगरी आली. खरं नाव कोणीच घ्यायचं नाही. बारा खाटांभोवती दिवसभर गरगरणारी, म्हणून भिंगरी. हात ओले होते, ते तिने पदराला पुसले.

"सत्तावन्न मिनिटं कुठे होतीस?"

भिंगरीने कागदाकडे पाहिलं, मग डबीवालीकडे.

"मॅडम, मी काही बहिरी नाही," ती म्हणाली. "सात नंबरची घंटा वाजत राहिलीच नाही."

२

चादरींच्या खोलीत भिंगरी चादरींच्या घड्या घालत होती. कामावरून काढणार हे कळल्यावरही ती घड्या घालत होती, कोपऱ्याला कोपरा लावून.

"इथून चांगल्या कामाची चिठ्ठी मिळाली नाही तर दुसरीकडे कोण ठेवणार आहे मला," ती म्हणाली. "आणि वर हे. म्हातारीला मरू दिलं म्हणून काढली. धुणीभांडी तरी कोण देईल?"

"घरी कोण असतं?"

"मुलगी. सातवीत आहे. तिला सांगितलं नाही अजून."

डबीवाली एका पालथ्या बादलीवर बसली. तिचं स्वतःचं बाळ आठ महिन्यांचं, सासूबाईंजवळ ठेवलेलं. साडेपाचच्या आत पोचायचं होतं. पण कागद तिने दुरुस्त केला होता, आणि त्या दुरुस्त कागदानेच ही बाई चाललेली होती.

"एक वाजून आठ मिनिटांनी तू कुठे होतीस?"

भिंगरीची घडी चुकली. तिने ती मोडून पुन्हा घातली. "इथेच. आसपास."

"आणि दोन वाजून पाचला सात नंबरला कार्ड टेकवलंस?"

"अहो ताई, दोन वाजून पाचला मी तीन नंबरला होते. आजोबांचा पायजमा ओला झाला होता, त्यांनी घंटा दाबली, मी लगेच गेले. सात नंबरला गेले ती सव्वादोनला, गोळ्या घेऊन. तेव्हा काकू…" ती थांबली. "गार लागल्या हाताला."

"म्हणजे गेल्या होत्या. आणि कार्ड?"

"मेलेल्या माणसाला कार्ड टेकवायचं सुचतं का कोणाला?"

"बटण कुठे होतं त्यांचं?"

"भिंतीच्या खुंटीवर. तेच मला नवल वाटलं. मी रोज सकाळी त्यांच्या मनगटाला नाडीने बांधायची. उजव्या हातात जोर नव्हता ना त्यांच्या. नुसतं बोट टेकलं की वाजायचं म्हणून मोठं बटण बसवलं होतंत तुम्हीच. चमचा सुद्धा धरवत नव्हता, मी भरवायची." तिने एप्रनच्या खिशातून वीतभर पांढरी नाडी काढली. "ही एवढी मनगटात राहिली होती. सुटली असेल. ठेवली मी. का कोण जाणे, टाकवली नाही."

डबीवालीने नाडी हातात घेतली. एका बाजूला गाठ होती, दुसरं टोक सरळ, एकही धागा न सुटलेलं. तिने ती परत दिली. तिचं लक्ष भलतीकडेच होतं.

एक बाई, एक कार्ड. दोन वाजून पाचला तीन नंबर, आणि दोन वाजून पाचलाच सात नंबर.

ती वऱ्हांड्यात आली, डबीला वायर लावली आणि या वेळी मिनिटांच्या पुढचे सेकंदही छापले.

तीन नंबर: दोन वाजून पाच मिनिटं एकेचाळीस सेकंद.

सात नंबर: दोन वाजून पाच मिनिटं एकेचाळीस सेकंद.

३

डबीवालीने आपलंच कोड उघडलं आणि पाचव्या मिनिटाला तिचे कान तापले.

चूक साधी होती. साध्या चुकांचीच लाज जास्त वाटते. तपशील छापताना तिचा प्रोग्राम एकेक ओळ वाचत जातो, सर्वांत नवी आधी. ओळीतली कार्डाची वेळ तो उचलतो, एका जागी ठेवतो आणि छापतो. पण एखाद्या ओळीत कार्डाची वेळ नसेलच, तर? तर उचलायला काही नसतं, आणि त्या जागी आधीच्या ओळीचंच पडून असतं. वाटी डब्यात बुडवली, डबा रिकामा, पण वाटी धुतलेली नाही. मागच्या डब्यातलं तेच ताटात वाढलं गेलं. भिंतीवरचा पडदा रिकामी ओळ सरळ सोडून देतो. छापील तपशील सोडत नव्हता. तीन नंबरच्या आजोबांची वेळ त्याने सात नंबरच्या काकूंना लावून टाकली होती.

डबीत नीट पाहिलं. सात नंबरपुढे कार्डाची वेळ नव्हतीच. ती ओळ रिकामी होती.

म्हणजे भिंगरी उशिरा आली नव्हती. कोणीच आलं नव्हतं.

डबीवाली उठणार होती, जाऊन सांगणार होती. पण पुन्हा बसली. कोणीच आलं नाही, हे ऐकून कोण भिंगरीला सोडणार होतं?

ओळ रिकामी राहते तरी कशी? डबी बंद पडली तर. पण डबी दर मिनिटाला 'मी जागी आहे' अशी एक नोंद टाकते, आणि त्या दुपारी एकही नोंद चुकलेली नव्हती. कार्ड बिघडलं तर. पण मग घंटा वाजतच राहिली असती, कोणीतरी येईपर्यंत, दिवसभर. उरलं एकच. चुकून दाबल्या गेलेल्या घंटेसाठी तिने एक सोय ठेवली होती: तेच बटण तीन सेकंद दाबून धरलं की घंटा गप्प होते. मग कार्ड लागत नाही, वेळ पडत नाही, लाल खूणही नाही.

काकूंना चमचा धरवत नव्हता. तीन सेकंद बटण कोणी दाबून धरलं?

तिने डबीला सरळ विचारलं: वर्षभरातल्या सगळ्या रिकाम्या ओळी दाखव.

तिला वाटलं होतं, पाच-सहा निघतील. सत्तेचाळीस निघाल्या. जवळजवळ सगळ्या खाटांच्या. आणि सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस दुपारी एक ते एक वीसच्या मधल्या.

४

सात-आठ नंबरच्या खोलीसमोर दहा नंबरच्या आत्या राहत. पत्ते पिसत बसल्या होत्या, एकट्याच.

"बस. खेळतेस?"

"आत्या, दुपारी एक ते एक वीस इथे काय होतं?"

आत्यांची बोटं थांबली नाहीत. "माणसं मरतात, बहुतेक."

"आत्या."

"तुला मॅनेजरने पाठवलं?"

"भिंगरीला आज काढतायत. चार वाजता."

आत्यांनी पत्ते खाली ठेवले. दाराकडे मान केली. "दार लोटून घे."

डबीवालीने दार लोटलं.

"तिघी पोरी आहेत इथे. जेवायला दहा-दहा मिनिटं दिलीत त्यांना, एकेकीने जायचं. दहा मिनिटांत काय होतं गं? डबा उघडला की घंटा. आमची दुखणी काय, कधीही उठतात. भिंगरी एकदा तोंडात घास घेऊन धावत आली होती माझ्याकडे, कशाला, तर चष्मा खाली पडला म्हणून. लाल खूण नको म्हणून. मला लाज वाटली." आत्यांनी एक पत्ता सरळ केला. "मग ठरलं. एक ते एक वीस तिघींनी चादरींच्या खोलीत दार लावून एकत्र जेवायचं, माणसासारखं. त्या वेळात कोणी घंटा दाबलीच, तर शेजारच्या खाटेवरच्याने उठायचं, काय हवं ते बघायचं, पाणी द्यायचं, आणि बटण दाबून धरायचं. फारच असेल तर जाऊन दार वाजवायचं. वर्षभर चाललंय. कोणाला कळलं नाही."

"कोणी ठरवलं?"

"सात नंबरनेच. टेलरीणबाईने. तिला शिवणाच्या पोरींना जेवू घालायची सवय होती ना." आत्या हसल्या, मग हसू आवरलं. "तिचाच नियम तिला लागला."

"त्या दिवशी सातची घंटा ऐकलीत?"

"वाजली. गप्प झाली. मी म्हटलं, आठ नंबरवरच्या नवऱ्याने पाहिलं असेल." त्या घुटमळल्या. "पुन्हा वाजल्यासारखी वाटली. पण त्याचा रेडिओ पण वाजतो त्या वेळी. मला शपथ घालू नकोस."

डबीवाली उठली. आत्यांनी तिचं मनगट धरलं. हात कागदासारखा होता.

"पोरी, हे जेवणाचं कुठे लिहिणार नाहीस ना?"

"नाही, आत्या."

आणि ते तिने अगदी मनापासून सांगितलं होतं.

५

टेलरकाका खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसून शर्टाला बटण लावत होते. ऐंशी वर्षांचे हात, पण सुईत दोरा त्यांनी पहिल्या झटक्यात ओवला. शेजारची सात नंबरची खाट काढून नेलेली होती आणि फरशीवर तिच्या चार पायांचे चार डाग राहिले होते.

"ये बाळ. तुझ्या बाहीची शिवण उसवलीय. काढून दे, लावतो."

तिने काही काढून दिलं नाही. समोर बसली. कसं विचारायचं ते तिला कळेना, म्हणून ती भिंगरीबद्दल बोलली. चार वाजता काय होणार, ते सांगितलं. काका मान हलवत राहिले. गुणी पोर आहे, म्हणाले. मला भरवत नाही ती, पण हिला भरवायची. हिला तिचा फार लळा.

"काका, त्या दुपारची घंटा तुम्ही थांबवलीत?"

सुई थांबली.

"मला वाटलं, चुकून लागलं असेल बोट. विचारलं मी, काय गं? काही बोलली नाही. पोरी जेवत होत्या. हीच म्हणायची, जेवू द्या त्यांना. दाबून धरलं मी बटण. एकदाच. मग माझा डोळा लागला." त्यांनी मान खाली घातली. "सहा दिवस मी हे कोणाला सांगू शकलो नाही. मुलाला कोणत्या तोंडाने सांगू?"

एका म्हाताऱ्याने दया म्हणून बटण दाबलं होतं, आणि ते असं त्याच्या अंगावर उलटलं होतं. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा खुंटीसारखा टोचला.

काकांनी बटण लावून पुरं केलं, उशीखालून चिमुकली कात्री काढली आणि दोरा कापला. दोरा दाताने तोडणारे शिंपी वेगळे. हे जुन्या हाताचे होते. टोक कसं, सरळ आलं.

डबीवाली त्या टोकाकडे बघत राहिली.

मग ती उठली, वऱ्हांड्यात आली आणि डबीसमोर उभी राहिली. बाई येऊन गेली तरी म्हातारी माणसं थांबत नाहीत, पाच मिनिटांत चारदा बोलावतात, म्हणून छापील तपशिलात तिनेच एक सफाई केली होती: एकाच खाटेच्या पाच मिनिटांतल्या घंटा एकच धरायच्या, पहिली तेवढी दाखवायची. रिकाम्या ओळी मागतानाही ती सफाई चालूच होती. आता तिने ती काढली आणि सात नंबरच्या त्या दुपारच्या सगळ्या ओळी मागितल्या.

एक वाजून आठ. एक वाजून दहा. एक वाजून अकरा.

तीन ओळी. तिन्ही रिकाम्या.

६

चार वाजता मॅनेजरबाईंच्या खोलीत दोन विश्वस्त, डॉक्टर मुलगा, चाकाच्या खुर्चीत टेलरकाका आणि दाराशी उभी भिंगरी. तिला कोणी बस म्हटलं नाही.

डबीवालीने कागद वाटले. आधी स्वतःची चूक सांगितली. थोरल्या विश्वस्तांनी विचारलं, "अशी चूक खरंच होते, की आत्ताच सुचली?" हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने सत्तेचाळीस रिकाम्या ओळींची यादी जोडली होती. आत्यांना शब्द दिला होता, म्हणून यादीतले खाटांचे नंबर तिने खोडले होते. वेळा तशाच ठेवल्या होत्या. पुरावा म्हणून काहीतरी ठेवायला हवंच होतं.

"म्हणजे भिंगरीने दोन वाजून पाचला सात नंबरला कार्ड लावलंच नाही," ती म्हणाली. "ती वेळ तीन नंबरची आहे, सेकंदासकट. सात नंबरची घंटा खोलीतच कोणीतरी बंद केली. काकूंच्या हातात तीन सेकंद बटण दाबायचा जोर नव्हता. खोलीत दुसरं एकच माणूस होतं."

मुलगा बापाकडे वळला. काकांच्या डोळ्यांत पाणी होतंच.

"चूक झाली रे," ते म्हणाले. "मला वाटलं, चुकून वाजली. एकदाच दाबली मी."

मुलगा खुर्चीजवळ खाली बसला, बापाचा हात हातात घेतला. "बाबा, तुमची काही चूक नाही. तुम्हाला काय कळणार."

इथे थांबता आलं असतं. भिंगरी सुटली होती. डबीवालीने दाराशी पाहिलं. भिंगरीचे खांदे सहा दिवसांत पहिल्यांदा खाली आले होते. पण मुलाच्या पाठीवरून म्हाताऱ्याने डबीवालीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत पाणी नव्हतं. ती नजर चाचपत होती, हिला किती कळलंय.

"काका, घंटा वाजत असताना बटण कितीही दाबलं तरी नवी ओळ पडत नाही," ती म्हणाली. "आधीची बंद झाली तरच पडते. सात नंबरच्या तीन ओळी आहेत. काकूंनी दाबलं, तुम्ही बंद केलंत. दोन मिनिटांनी पुन्हा दाबलं, तुम्ही बंद केलंत. मिनिटभरात पुन्हा दाबलं." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "माझं बाळ आठ महिन्यांचं आहे. उगाच रडलं तर एका थोपटण्यात निजतं. दुखत असलं की गप्प केलं तरी पुन्हा रडतं, आणि आधीपेक्षा लवकर रडतं. हे कळायला बाळ असावं लागत नाही, काका. तिसऱ्यांदा बंद केल्यावर चौथी घंटा का नाही? कारण बटण खुंटीवर होतं. नाडी सुटली नव्हती. ती कापली होती."

भिंगरीने खिशातून नाडी काढून टेबलावर ठेवली. सरळ टोक वर आलं.

काकांनी हात पुढे करून नाडी उचलली, टोक अंगठ्यावर फिरवून पाहिलं, कापडाचा पोत बघावा तसं.

"बावन्न वर्षं," ते म्हणाले. आवाज एकदम कोरडा, कामाचा. "मशीनवर बसलो की, अहो ऐकलं का. घास तोंडात घातला की, अहो. झोप लागली की, अहो. त्या दिवशी मी ऐकलं. तिन्ही वेळा ऐकलं. आणि म्हटलं, आज नाही उठत."

"बाबा, गप्प बसा."

"ती बघत होती माझ्याकडे. मी पण बघत होतो. वीसेक मिनिटं लागली असतील."

मुलगा उभा राहिला. त्याने बापाच्या खुर्चीचा ब्रेक काढला. "त्यांना काही कळत नाही ते काय बोलतायत. वय झालंय. हे असलं काही लिहिलं जाणार नाही." तो विश्वस्तांकडे बघत बोलत होता, आणि धाकटे विश्वस्त आधीच मान हलवत होते. वृद्धनिवासाचं नाव वर्तमानपत्रात यावं असं त्या खोलीत कोणालाच वाटत नव्हतं. खुर्ची दारातून बाहेर गेली. भिंगरीने वाट दिली.

"नैसर्गिक मृत्यू," थोरले विश्वस्त म्हणाले. "आणि बाईकडून हलगर्जी झाली नाही, असं समजायचं ना?"

मॅनेजरबाई इतका वेळ दुसराच कागद वाचत होत्या. सत्तेचाळीस ओळींचा. पेन्सिलीने त्यांनी शेवटी एक रेघ मारली.

"एक मिनिट," त्या म्हणाल्या. "या सगळ्या एक ते एक वीसच्या आहेत. वर्षभर नेमक्या त्याच वेळी घंटा बंद होतात?" त्यांनी मान वर केली. "भिंगरी, एक ते एक वीस तुम्ही तिघी कुठे असता?"

डबीवाली म्हणाली, "मॅडम, त्याचा याच्याशी…"

"तुम्ही थांबा. भिंगरी?"

भिंगरीने आधी टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं, मग डबीवालीकडे. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. हिशेब लागल्यासारखं काहीतरी होतं.

"जेवतो, मॅडम," ती म्हणाली. "चादरींच्या खोलीत. दार लावून."

"तिघी एकदम?"

"माझ्यामुळे. बाकीच्या दोघी नकोच म्हणत होत्या. मीच बसवायचे."

हे खोटं होतं, आणि खोलीतल्या एकट्या डबीवालीला ते ठाऊक होतं. खरं सांगायचं तर ते कोणाकडून कळलं म्हणून आत्यांचं नाव घ्यावं लागलं असतं. ते तिने घेतलं नाही.

"म्हणजे एक वाजून आठला वऱ्हांड्यात एकही बाई नव्हती," मॅनेजरबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, सुटका होती. विश्वस्तांसमोर ठेवायला काहीतरी मिळालं होतं. "एक जरी असती तरी तीन घंटा तिने ऐकल्या असत्या. म्हाताऱ्याने काहीही केलेलं असो."

आणि ते खरं होतं.

थोरल्या विश्वस्तांनी पेन काढलं. कामाच्या वेळेत जागा सोडल्याबद्दल, त्यांनी लिहिलं. चिठ्ठी द्यायची नाही. आणि डबीवालीकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून रिकामी ओळसुद्धा लाल धरायची. करता येईल?"

"येईल," डबीवाली म्हणाली. येत होतं. एका ओळीचं काम होतं.

७

फाटकाबाहेरच्या थांब्यावर भिंगरी उभी होती, हातात कापडी पिशवी, पिशवीत जेवणाचा डबा आणि दोन एप्रन. डबीवाली जवळ जाऊन उभी राहिली. पाच वाजायला आले होते. समोरच्या शाळेतून मुलं सुटून गेली होती आणि रस्त्यावर कोणाची तरी पाण्याची बाटली पडली होती.

"मी चिठ्ठी लिहून देते," ती म्हणाली. "माझ्या कागदावर. तू कशी आहेस, ते."

"काय म्हणून लिहाल? डबीवाली म्हणून?" भिंगरी हसली, खरंच हसली. "नको ताई. वाचून विचारतील, ही कोण."

"आत्यांचं नाव मी सांगितलं असतं तर…"

"तर त्यांना काय झालं असतं? त्यांना कोण ठेवतंय दुसरीकडे." भिंगरीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "बाकीच्या दोघी राहिल्या. दहा मिनिटांत जेवतील. शिकतील."

"मला वाटलं होतं, खरं काय ते कळलं की…" डबीवालीचं वाक्य तिथेच राहिलं.

"तुमचा राग नाही मला." भिंगरीने रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. "तुम्ही वेळ बरोबरच केलीत. सकाळी बरोबर केलीत तेव्हा मी गेले. दुपारी पुन्हा बरोबर केलीत तेव्हाही मीच गेले. तिसऱ्यांदा नका करू आता."

बस आली. भिंगरी चढली आणि खिडकीची जागा मिळाली तशी पिशवी मांडीवर घेऊन बसली. डबीवालीने हात वर केला. भिंगरीने तो पाहिला की नाही ते कळलं नाही. ती घरी मुलीला सांगायचे शब्द जुळवत असावी, ओठ हलत होते.